मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीसाठी स्टिरिओ: निवडण्यापासून बसवून घेईपर्यंत

जुलैतली संध्याकाळ. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पवईच्या अलीकडे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. बाहेर धो धो पाऊस, काचा बंद. अचानक डॅशबोर्डमधून प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि आठ महिन्यांपूर्वी हौसेने बसवलेल्या स्टिरिओचा मोठा पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी सेट बाहेर ओढला आणि मागचा वायरींचा गुंता माझ्यासमोर धरला. गाडीचा मूळ कपलर (वायरी एकत्र जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) कापून टाकलेला, वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या, वर काळी टेप. टेपचा गोंद उष्णतेने पातळ होऊन बोटांना लागत होता. बॅटरीकडून येणाऱ्या पिवळ्या वायरीचा जोड उघडा पडला होता, तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि तो जोड लोखंडी पट्टीला घासत होता. सेटमागे १० अँपिअरचा फ्यूज असायला हवा, तिथे बसवणाऱ्याने २० चा घातला होता. "ताई, सेटचं नंतर बघू," काका म्हणाले, "आधी हे बघा. फ्यूज उडायला पाहिजे होता. तो उडाला नाही म्हणून वायर तापली."

तेव्हापासून घरच्यांसाठी, ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी सेट घेताना मी सोबत जाते आणि बसवून होईपर्यंत तिथून हलत नाही. दुकानदार पडद्याचे इंच आणि डब्यावरचे वॉट दाखवतात. रोजच्या गाडीत सेट वर्षानुवर्षं चालतो तो मागच्या जोडांमुळे, रेडिओची केंद्रं पकडणाऱ्या चांगल्या ट्यूनरमुळे, माइकमुळे आणि एका साध्या गोल नॉबमुळे. म्हणून या लेखात त्यांच्यावरच जास्त लिहिलं आहे.

आधी आठवडाभर स्वतःकडे लक्ष द्या

दुकानात जायच्या आधी एक आठवडा गाडीत आपण नक्की काय ऐकतो ते बघा. फोनवरून गाणी, रेडिओ, पेनड्राइव्हवर भरलेली भावगीतं आणि कीर्तनं, की बहुतेक वेळ फोनवर बोलणंच? नकाशा रोज लागतो का? मुलुंड ते अंधेरी हा रस्ता मला पाठ आहे, तरी कुठे तुंबलंय हे बघायला मला नकाशा लागतोच. माझ्या सासऱ्यांना नकाशा नको, त्यांना पेनड्राइव्ह आणि विविध भारती. त्यांच्या गाडीत पडद्याचा सेट बसवला असता तर पैसे वाया गेले असते आणि त्यांना गाडी चालवताना त्रास झाला असता तो वेगळाच.

गाडीला काय बसतं

डॅशबोर्डमधल्या खाचेचे दोन माप आहेत. सिंगल डिन साधारण १८० × ५० मिलिमीटर आणि डबल डिन १८० × १०० मिलिमीटर. डिन म्हणजे जर्मनीची मानक ठरवणारी संस्था; तिने ठरवलेलं माप पुढे जगभर चाललं. खाच डबल डिन असली तरी गाडीच्या मॉडेलप्रमाणे फ्रेम वेगळी लागते, नाहीतर कडेला फट राहते आणि सेट खड्ड्यांत खडखडतो. मापपट्टीने खाचेची खोलीही मोजून घ्या, कारण मागे कपलर आणि वायरींना जागा लागते.

नव्या गाड्यांमध्ये कंपनीच्या पडद्यातच एसीची, कॅमेऱ्याची, गाडीच्या इतर सेटिंगची कामं असतात. अशा गाडीत मूळ सेट काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज सुधारायचा असेल तर फक्त स्पीकर बदला.

पडदा की बटणं

बाजारात तीन प्रकारचे सेट आहेत आणि त्यांच्यात लोकांचा फार गोंधळ होतो.

पहिला साधा सिंगल डिन: ब्लूटूथ, यूएसबी, रेडिओ, समोर बटणं आणि नॉब. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांत गाणं सुरू. बिघडायला त्यात फार काही नाही. काहींचा पुढचा पॅनल काढून पर्समध्ये टाकता येतो. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर हा मोठा फायदा आहे.

दुसरा नामांकित कंपनीचा डबल डिन, ज्यात ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालतात. ही सोय अनुक्रमे २०१४ आणि २०१५ मध्ये आली. यात सगळं काम तुमचा फोन करतो, सेटचा पडदा फक्त ते दाखवतो. फोन बदलला की नकाशाही नवा, त्यामुळे सेट लवकर जुना होत नाही.

तिसरा 'अँड्रॉइड सेट', म्हणजे ९ किंवा १० इंचांचा, डॅशबोर्डला चिकटवलेला जणू एक टॅबलेट. नावात अँड्रॉइड आहे म्हणून त्यात अँड्रॉइड ऑटो असेलच असं नाही, हे आधी विचारा. स्वस्त सेटमध्ये रॅम १ किंवा २ जीबी असते आणि सेटिंगमध्ये दिसणारा आकडा खरा असेलच याची खात्री नसते. सकाळी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि कॅमेऱ्याचं चित्र येईपर्यंत गाडी सोसायटीच्या भिंतीपर्यंत पोहोचली, असं माझ्या बाबतीत होता होता राहिलं. रोजच्या वापराला मी हा प्रकार कुणाला सुचवत नाही.

नकाशा लागत असेल तर दुसरा, नसेल तर पहिला. आणि दुसरा घेतलात तरी आवाजासाठी खरा फिरणारा नॉब असलेलाच घ्या. सायनच्या सिग्नलला शेजारून रुग्णवाहिका येत असते तेव्हा हात न बघता नॉबवर जातो. पडद्यावरची पट्टी शोधायला मात्र रस्त्यावरची नजर काढावी लागते.

पडदा उन्हात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. काउंटरवर दाखवायला सुटा सेट असेल तर दाराशी न्या आणि तिरकी नजर टाकून अक्षरं वाचता येतात का ते बघा. संध्याकाळी वरळीकडून सी लिंकवरून वांद्र्याला येताना डावीकडून ऊन थेट डॅशबोर्डवर येतं, तेव्हा फिका पडदा अगदीच कोरा दिसतो.

वॉटचा हिशेब एकदा करून ठेवा

डब्यावर '५० वॉट × ४' छापलेलं असतं. म्हणजे २०० वॉट. आता सेटमागचा फ्यूज बघा: बहुतेकांत १० अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॉट. सेटला सतत मिळू शकतात तेच एवढे, आणि त्यातलाही बराच भाग उष्णता होऊन जातो. मग २०० वॉट आवाज कुठून येणार?

४ ओहमच्या स्पीकरला १४.४ व्होल्टवर एका चॅनेलमागे स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त सुमारे २६ वॉट मिळू शकतात, तेही कागदावर. आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट असलेले मोजके सेट सोडले तर हे सगळ्यांना लागू आहे. म्हणून माहितीपुस्तिकेत 'आरएमएस' हा शब्द शोधा, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद. तिथे १४ ते २२ वॉटच्या दरम्यान आकडा असेल तर कंपनी खरं सांगतेय. रोजच्या गाडीला तेवढे पुरतात.

आवाज कमी वाटत असेल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ३ डेसिबल वाढले की तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट लागतात. ८८ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९१ चा घेतला तर सेटची ताकद दुप्पट केल्यासारखं होतं, वेगळा ॲम्प्लिफायर न लावता.

ॲम्प्लिफायरबद्दल मुंबईकरांना एवढंच सांगते: सीटखाली लावू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही. पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट इथे गुडघाभर पाणी कधी साचेल याचा नेम नसतो. गाडीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी सीटखालची वस्तू जाते. डॅशबोर्डमधला सेट त्यातून बहुतेक वाचतो.

रेडिओ: सगळ्यात दुर्लक्षित भाग

ऑनलाइन मागवलेल्या किंवा परदेशातून आणलेल्या सेटमध्ये इथे एक फसगत होते. अमेरिकेसाठी बनवलेला सेट एफएमवर ०.२ च्या टप्प्याने पुढे जातो आणि तिथली केंद्रं विषम दशांशावर असतात: ९८.१, ९८.३, ९८.५. त्यामुळे ९१.१, ९३.५, ९८.३, १०७.१ नीट लागतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण मुंबईत विविध भारती १०२.८ वर आहे. तो आकडा या सेटवर येतच नाही, १०२.७ वर खरखर, १०२.९ वर खरखर. चांगल्या सेटच्या सेटिंगमध्ये 'एरिया' किंवा 'रीजन' असतं. तिथे युरोप किंवा आशिया निवडलं की टप्पा लहान होतो. मीडियम वेव्हचंही तेच. आपल्याकडे ९ किलोहर्ट्झचा टप्पा, अमेरिकेत १० चा. ५५८ वरची आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावायची तर ९ चाच हवा.

जुन्या सेटच्या बाजारात जपानहून काढून आणलेले सुंदर सेट मिळतात. त्यांतल्या बहुतेकांचा एफएम पट्टा ७६ पासून ९० पर्यंतच चालतो. मुंबईची केंद्रं अशा सेटवर ऐकूच येणार नाहीत.

सेट बदलल्यावर रेडिओ अचानक खरखरायला लागला तर लोक सेटला नावं ठेवतात. बऱ्याचदा दोष निळ्या वायरीचा असतो. अनेक गाड्यांच्या अँटेनाच्या बुडाशी छोटा बूस्टर असतो आणि त्याला सेटमधून १२ व्होल्ट मिळावे लागतात. बसवणाऱ्याने निळी वायर न जोडता मोकळी सोडली की बूस्टर झोपतो. पूर्वद्रुतगती मार्गावर स्टेशन लागतं आणि पुलाखाली शिरलं की जातं, ही त्याची खूण. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

स्पीकर आणि दारातलं पाणी

दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आतच उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. स्पीकर नेमका त्या वाटेत असतो. म्हणून मुंबईत कागदाच्या कोनऐवजी (कोन म्हणजे स्पीकरचा थरथरणारा शंकूसारखा भाग) पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा कोन आणि भोवती फोमऐवजी रबराची कड असलेला स्पीकर घ्या. मागच्या बाजूला पाणी अडवणारं प्लास्टिकचं छप्पर बसवायला सांगा. दाराची आतली पातळ प्लास्टिक शीट फाडली असेल तर ती पुन्हा चिकटवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पायाखालची मॅट ओली होते.

पुढच्या दारांत दोन चांगले स्पीकर पुरेसे आहेत. गाडीत बहुतेक वेळ तुम्ही पुढेच बसलेले असता.

काउंटरवर काय तपासायचं

लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाउसचा परिसर, कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड, किंवा घराजवळचं दुकान, कुठेही जा, पण दुपारी जा. संध्याकाळी गर्दी असते, बसवणाऱ्या मुलाला घाई असते आणि उजेडही जातो. सोबत स्वतःचा फोन, केबल आणि पेनड्राइव्ह न्या.

पेनड्राइव्ह 'एफएटी ३२' या प्रकारात फॉरमॅट केलेला असू द्या आणि त्यावर दोन-चार फाइलींची नावं देवनागरीत ठेवा. पुष्कळ चांगल्या सेटवर मराठी नाव चौकोन-चौकोन होऊन येतं. ज्यांच्याकडे शेकडो नाट्यपदं देवनागरी नावांनी जमवलेली आहेत त्यांनी हे घेण्याआधीच बघावं. मग एखादं तासाभराचं कीर्तन मध्यावर लावा, सेट बंद करून परत सुरू करा. जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. रोज चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत ऐकणाऱ्याला याइतकी महत्त्वाची दुसरी सोय नाही.

दोन फोन एकाच वेळी जोडता येतात का ते बघा. घरात दोघं गाडी चालवत असतील तर रोज सकाळी जोडाजोडी नको. नंतर दुकानाबाहेरच्या गोंगाटात स्पीकरफोनवर घरी फोन लावा आणि समोरच्याला विचारा, "माझा आवाज नीट येतोय ना? विहिरीतून बोलल्यासारखा तर नाही येत?" माइक सेटच्या पुढच्या भागातच असेल तर आवाज लांबून येतो. वेगळा, वायरचा माइक असलेला सेट घ्या आणि तो स्टिअरिंगच्या वर किंवा काचेशेजारच्या खांबावर लावून घ्या. एसीच्या झोतासमोर मात्र नको.

अनुक्रमांक डब्यावर, सेटवर आणि बिलावर एकच आहे याची खात्री करा. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तिथेच, काउंटरवर उभ्या उभ्या नोंदवा. नोंद झाली नाही तर तो माल घेऊ नका. कच्च्या बिलावर मिळणारी सवलत मला कधीच परवडली नाही.

बसवताना तिथेच उभ्या राहा

इथे वेळ द्या, बाकी सगळ्यापेक्षा जास्त. पैसे देण्याआधी एकच अट घाला: गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही. प्रत्येक मॉडेलसाठी तयार कपलर मिळतो, एका बाजूला गाडीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला सेटचा. बाजारात याला कपलर टू कपलर फिटिंग म्हणतात. दुकानदार म्हणाला की "तुमच्या गाडीचा कपलर येत नाही, कापावंच लागेल", तर दुसऱ्या दुकानात विचारा. वायर कापली की गाडीच्या इलेक्ट्रिकल वॉरंटीवरून वाद सुरू होतात, आणि पुढे सेट काढायचा झाला तरी मूळ जागा परत मिळत नाही.

रंग ओळखीचे करून घ्या. पिवळी वायर थेट बॅटरीची, सेटची आठवण (मेमरी) तिच्यावर टिकते. लाल वायर चावीची. चावी काढली की सेट बंद झाला पाहिजे. काळी अर्थिंगची. निळी अँटेनाची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. ज्या वायरीवर काळी रेघ ती निगेटिव्ह. एका स्पीकरची उलटी जोडली गेली तर तो वाजतो, पण बास (खालचा, जाड आवाज) नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही. शांत गाणं लावून कान द्या, लगेच लक्षात येतं.

जोड लागलाच तर तो सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवलेला हवा, किंवा नीट दाबलेला क्रिम्प जोड. टेप चालणार नाही. समुद्राची खारी, दमट हवा उघड्या तांब्याला सोडत नाही. काळी वायर रंग लावलेल्या पत्र्यावर स्क्रूने कसली असेल तर रंग खरवडून घ्यायला सांगा. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून येते तिचं पहिलं कारण कच्चं अर्थिंग असतं.

हँडब्रेकची एक वायर असते. गाडी उभी असतानाच व्हिडिओ दिसावा म्हणून ती दिलेली असते. ती बॉडीला जोडून 'चालता व्हिडिओ' करून देतो असं दुकानदार स्वतःहून विचारतात. नको म्हणा. मागच्या सीटवरच्या मुलांसाठी म्हणून केलेलं असतं, पण नजर चालवणाऱ्याची जाते.

सेट आत ढकलण्याआधी वायरींचा गठ्ठा फोमच्या पट्टीत गुंडाळून घ्या, आणि फ्यूजचा आकडा स्वतः वाचून मोबाइलवर त्याचा फोटो काढा. मी आता तो फोटो काढल्याशिवाय दुकानातून निघत नाही.

मग चावी पहिल्या टप्प्यावर ठेवून गाणं लावा आणि गाडी स्टार्ट करा. स्टार्टरमुळे व्होल्टेज क्षणभर खाली येतं. गाणं अर्धा सेकंद थांबलं तर चालेल. सेट पहिल्यापासून सुरू होऊ लागला तर जोड किंवा बॅटरी तपासायला हवी. स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, रात्रीचा मंद प्रकाश, सगळं तिथेच चालवून बघा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

गाडी बंद असतानाही सेट थोडी वीज खातो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ती तार आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडायचा, १० अँपिअरच्या खुणेवर, दारं बंद ठेवून अर्धा तास थांबायचं आणि त्या अवस्थेत गाडी अजिबात स्टार्ट करायची नाही. सगळ्या गाडीचं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. माझ्या त्या जळलेल्या सेटबरोबर ३०० च्या आसपास जात होते. दिवसाला ७.२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. एकदा चार दिवस गावी गेलो आणि परत आल्यावर गाडी स्टार्टच झाली नाही, ते त्यामुळे. तेव्हा मी बॅटरीला दोष देऊन नवी बॅटरी घेतली होती.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, सेट एकदा बाहेर काढून मागचे जोड बघून घ्या. दहा मिनिटं लागतात.

आणि गाडीतून काढलेला कंपनीचा मूळ सेट दुकानात सोडू नका, "काय करणार त्याचं" म्हणाले तरी. त्याची फ्रेम, स्क्रू आणि कपलर एकाच पिशवीत घाला, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, वर गाडीचा नंबर लिहा आणि माळ्यावर ठेवा. गाडी विकताना तो परत बसवता येतो, आणि तुमचा चांगला सेट पुढच्या गाडीत जातो.